पाचवीतलं मूल आणि दुसरीचा उतारा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जमतील तेवढे गाळले आहेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

मी बीटेक केलेला माणूस, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या जमातीत एक समज पक्का असतो. विज्ञान म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, फार तर बायोलॉजी. 'सामाजिक शास्त्रं' म्हटलं की पोरं हसतात. "त्यात संशोधन काय करायचं? शाळा का चालत नाहीत, लोक गरीब का राहतात, हे कट्ट्यावरचा कुणीही सांगेल!"

ठीक आहे. आज आपण कट्ट्यालाच संधी देऊ. एक खरा प्रश्न घेऊ, त्यावर कट्ट्यावर हमखास मिळणारी उत्तरं घेऊ, आणि ती उत्तरं प्रत्यक्ष तपासली तेव्हा काय निघालं ते बघू.

प्रश्न

आपल्या ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी किती जणांना दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचता येतो?

हे मोजणारं एक सर्वेक्षण आहे, 'असर' नावाचं. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ते करते. २०१८ मध्ये उत्तर होतं, साधारण निम्म्या मुलांना. २०२२ मध्ये, म्हणजे कोविडनंतर, ४२.८ टक्के. २०२४ मध्ये आकडा पुन्हा वर आला, ४९ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे वर्गात दोन मुलं शेजारी बसलीत, तर त्यातल्या एकाला तीन इयत्ता मागचा उतारा वाचता येत नाही. आणि ते मूल शाळाबाह्य नाहीये. त्याचं नाव पटावर आहे, ते गणवेश घालून येतं, खिचडी खातं, फळ्यावरचं वहीत उतरवून घेतं. बघणाऱ्याला वाटतं, शिकतंय. पण वाचताच येत नसेल तर विज्ञानाचा धडा, गणितातलं शाब्दिक उदाहरण, इतिहासाचा प्रश्न, सगळंच त्याच्यासाठी बंद. ते मूल पुढे सहावीत जातं, सातवीत जातं. मग एक दिवस घरचे म्हणतात, "याचं डोकं नाही अभ्यासात." आणि ते मूलही तेच धरून चालतं. या प्रश्नात पणाला लागलेलं आहे ते हे.

'असर'ची एक गोष्ट मला फार आवडते. चाचणी शाळेत घेत नाहीत, घरी जाऊन घेतात. कारण शाळेत गेलं तर त्या दिवशी हजर असलेली मुलंच भेटणार, आणि सगळ्यात मागे पडलेलं मूल बहुतेक त्या दिवशी गैरहजर असणार. चाचणी एका कागदाची. अक्षरं, सोपे शब्द, एक छोटा परिच्छेद आणि थोडी मोठी गोष्ट. मूल कुठवर पोचतं ते बघायचं. एवढंच. आईवडिलांसमोर, अंगणात. कित्येक पालकांना, आपलं मूल वाचू शकतं का, हे तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

आधी पद्धतीबद्दल दोन मिनिटं

आम्ही अ‍ॅपमध्ये एका बटणाचा रंग बदलायचा म्हटला तरी ए/बी टेस्ट लावतो. अर्ध्या लोकांना जुनं बटण, अर्ध्यांना नवं. कुणाला काय मिळणार हे नाणेफेकीसारखं ठरतं. का? कारण नुसतं 'आधी आणि नंतर' बघितलं तर फसायला होतं. दिवाळीच्या आठवड्यात खरेदी वाढली, तर ती बटणामुळे वाढली की बोनसमुळे?

मुलांचंही तेच आहे. मूल वर्षभरात तसंही वाढतं, थोडंफार शिकतंच. तुम्ही योजना आणली, वर्षाअखेर गुण वाढले, म्हणून टाळ्या वाजवल्या. पण योजना नसती तरी किती वाढले असते, हे कोण सांगणार? त्यासाठी तुलनेचा गट लागतो. काही शाळांना योजना, तशाच दुसऱ्या काही शाळांना नाही किंवा नंतर, आणि निवड चिठ्ठ्या टाकून. या पद्धतीने गरिबीचे प्रश्न तपासण्याच्या कामासाठी २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं.

आता कट्टा.

उत्तर पहिलं: "पुस्तकं द्या"

१९९० च्या दशकात पश्चिम केनियात क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. तिथे बऱ्याच मुलांत मिळून एखादं पुस्तक अशी परिस्थिती. काही शाळांना सरकारी अभ्यासक्रमाची पुस्तकं दिली. सरासरी गुणांत फरक पडला? नाही. जी मुलं आधीपासून पुढे होती, फक्त त्यांचे गुण वाढले. कारण शोधलं तर कळलं, पुस्तकं इंग्रजीत. तिथल्या बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. सामान्य मुलाला पुस्तक मिळालं, पण वाचताच येईना.

उत्तर दुसरं: "वर्गात मुलं फार आहेत, संख्या कमी करा"

हे उत्तर आपल्याकडेच तपासलं गेलं, मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत, २००१ ते २००३ या दोन शैक्षणिक वर्षांत. 'प्रथम' मूळची मुंबईची, १९९५ मध्ये सुरू झालेली. त्यांचा 'बालसखी' नावाचा कार्यक्रम होता. वस्तीतलीच, शाळा शिकलेली एक तरुण मुलगी. तिला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि अगदी थोडं मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना पायाभूत वाचन नि गणित शिकवायची.

यातली तुलना ज्याने आखली त्याला मी इंजिनिअर म्हणून सलाम ठोकतो. प्रत्येक शाळेला बालसखी मिळाली, कुणालाच रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. फक्त चिठ्ठीने ठरलं, काही शाळांत ती तिसरीला आणि काही शाळांत चौथीला. मग या शाळेतली तिसरी आणि त्या शाळेतली तिसरी, अशी तुलना करता आली. पुढच्या वर्षी अदलाबदल.

आता बघा, बालसखीकडे पंधरा-वीस मुलं गेली की मूळ वर्ग आपोआप लहान झाला. म्हणजे उरलेल्या मुलांवर 'वर्गसंख्या कमी करा' हा प्रयोग फुकटात झाला. त्यांचं शिकणं वाढलं का? नाही. मास्तर तेच, धडा तोच, बाकं थोडी मोकळी झाली इतकंच.

आणि बालसखीकडे गेलेल्यांचं? ते सांगतो, जरा थांबा.

उत्तर तिसरं: "कॉम्प्युटर द्या, टॅब द्या"

हे आमच्या धंद्याचं आवडतं उत्तर. पेरू देशात 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या मोहिमेत ग्रामीण प्राथमिक शाळांना लॅपटॉप दिले गेले. पंधरा महिन्यांनी मोजलं. मुलं लॅपटॉप वापरायला शिकली, भाषा आणि गणितात मात्र फरक दिसला नाही.

पण वडोदऱ्यात वेगळं घडलं. तिथल्या महापालिका शाळांना सरकारकडून प्रत्येकी चार कॉम्प्युटर मिळाले होते आणि बहुतेक ठिकाणी ते पडून होते. तिथे चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. खेळाची पातळी मुलाप्रमाणे बदलणारी. गणितात चांगली वाढ झाली, बालसखीपेक्षाही जास्त. फक्त खर्च बघा. बालसखीचा खर्च एका मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलरच्या आसपास, कॉम्प्युटरचा सुमारे पंधरा डॉलर. तेवढ्याच पैशांत बालसखी कितीतरी जास्त मुलांपर्यंत पोचते. 'कशाने फरक पडतो' याच्या शेजारी 'कितीत पडतो' हा प्रश्न ठेवावाच लागतो, कारण सरकारी तिजोरी म्हणजे गुंतवणूकदाराचे पैसे जाळणारं स्टार्टअप नव्हे.

उत्तर चौथं: "लोकांना माहिती द्या, ते आपोआप जाब विचारतील"

हे सगळ्यात लोकशाहीवादी उत्तर, आणि मला मनापासून पटणारं. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात हे तपासलं. गावोगावी ग्रामशिक्षण समित्या होत्या. कायद्याने पालकांना अधिकार होते. प्रत्यक्षात बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं, आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही माहीत नव्हतं! मग संशोधकांनी आणि 'प्रथम'ने काही गावांत बैठका घेतल्या, अधिकारांची माहिती दिली. आणखी काही गावांत मुलांची चाचणी घेऊन गावाचं प्रगतिपुस्तक तयार करायला शिकवलं. शाळेत काहीही बदललं नाही. समित्यांनी जाब विचारला नाही, मुलांचं वाचन सुधारलं नाही.

तिसऱ्या प्रकारच्या गावांत याबरोबर आणखी एक गोष्ट केली. गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवायची पद्धत दाखवली. त्यांनी शाळेबाहेर वर्ग चालवले, आणि तिथे आलेल्या मुलांचं वाचन स्पष्टपणे सुधारलं. अडचण एकच, अशी मुलं गावातल्या एकूण मुलांत थोडीच होती. म्हणजे लोक उदासीन नव्हते. 'व्यवस्थेला जाब विचारा' म्हटल्यावर ते गप्प बसले, 'हे असं शिकवा' म्हटल्यावर काही जण उठून कामाला लागले.

उत्तर पाचवं: "शिक्षकांना प्रशिक्षण द्या"

बिहार, २००८ चा उन्हाळा. सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं आणि त्यांनी सुट्टीत मागे पडलेल्या मुलांची शिबिरं घेतली. काही आठवड्यांतच वाचन सुधारलं. नंतर शाळा सुरू झाल्या. तशाच सरकारी शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य देऊन शाळेच्या नेहमीच्या दिवसांत मोजलं. परिणाम जवळपास शून्य.

इथे मी वाचताना थांबलो होतो. शिक्षक तेच, पद्धत तीच. मे-जूनमध्ये चालतं आणि ऑगस्टमध्ये चालत नाही. आमच्या भाषेत, कोड तोच, फक्त सर्व्हर वेगळा. मग बग कोडमध्ये नाही.

मग बग कुठे आहे?

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी हा बिहारचा किस्सा तिला फोनवर सांगितला. ती हसली. म्हणाली, "अरे, सुट्टीत पोर्शन नसतो."

बस. पाच शब्दही नाहीत, आणि सगळा शोधनिबंध त्यात आला.

ती पुढे म्हणाली, "पाचवीच्या वर्गात मला पाचवीचं पुस्तक संपवायचं असतं. तपासणीला आलेले साहेब 'कितवा धडा चालू आहे' हे विचारतात. 'किती पोरांना वाचता येतं' हे विचारत नाहीत. मी पोराला मुळाक्षरांपासून घेऊन बसले तर ते काम कुठल्या रकान्यात लिहू?"

आणि हे तिचं रडगाणं नाहीये. शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम २४. त्यात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे त्यातलं एक कर्तव्य. त्याच कलमात प्रत्येक मुलाची क्षमता बघून गरज असेल तर जादा शिकवावं असंही आहे. पण तपासायला सोपं कुठलं? पान क्रमांक. जे तपासलं जातं तेच होतं. कंपनीत ज्याचा डॅशबोर्ड असतो त्याचंच काम होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता पाचही उत्तरं एकत्र ठेवून बघा. पुस्तक मुलाच्या पातळीच्या वरचं. वर्ग लहान केला, पण धडा पातळीच्या वरचाच. लॅपटॉप दिला, त्याला मुलाची पातळी माहीत नाही. वडोदऱ्याच्या खेळाला ती माहीत होती, म्हणून तो चालला. आणि बालसखी चालली. पहिल्या वर्षी थोडं, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. दुसऱ्या वर्षाचा फरक सोप्या भाषेत सांगतो. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली तर तळाकडून पन्नासावं असलेलं मूल साधारण एकसष्टाव्या जागी गेलं, इतका. आणि ही वाढ मुख्यतः सगळ्यात मागे असलेल्या मुलांमध्ये होती.

बालसखीची पदवी शिक्षकापेक्षा कमी, पगार तर फारच कमी. तिच्याकडे एकच गोष्ट जास्त होती. 'ही इयत्ता कितवी' हे विसरून 'या मुलाला काय येतं' इथून सुरुवात करण्याची मुभा.

यातून जी पद्धत घडली तिचं सार असं: रोज तास-दोन तास इयत्ता बाजूला ठेवा. एका छोट्या तोंडी चाचणीने बघा कुणाला अक्षरं येतात, कुणाला शब्द, कुणाला परिच्छेद. त्याप्रमाणे गट करा आणि तिथून शिकवा. काही आठवड्यांनी पुन्हा बघा, पुढे गेलेल्याला पुढच्या गटात न्या.

मावशीने लगेच आक्षेप घेतला. "म्हणजे 'ढ' पोरांची वेगळी तुकडी? आमच्या वेळी होती की! 'ड' तुकडीत टाकलं की संपलं त्याचं."

आक्षेप बरोबर आहे. फरक इतकाच की ती तुकडी कायमची होती आणि हा गट दिवसातला तास-दोन तासांचा असतो. त्यातून बाहेर पडण्यासाठीच तो असतो. पश्चिम केनियातच आणखी एक अभ्यास झाला. पहिलीच्या वर्गाचे दोन भाग केले, काही शाळांत मुलांच्या पातळीप्रमाणे, काही शाळांत चिठ्ठ्या टाकून. पातळीप्रमाणे केलेल्या शाळांत पुढची आणि मागची, दोन्हीकडची मुलं जास्त शिकली. तरीही मावशीची भीती मी बाजूला टाकणार नाही. 'तात्पुरता' गट कायमचा व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

शोधनिबंधापासून वर्गापर्यंत

बरं, बालसखीचा अभ्यास २००३ मध्ये संपला. पेपर २००७ मध्ये छापून आला. मग सगळीकडे लागू झालं?

आपली अपेक्षा अशी असते की 'सिद्ध झालं' की 'लागू झालं'. इथेच सामाजिक शास्त्रांचं खरं काम सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं आहे. उत्तराखंडमध्ये सरकारी शाळांत स्वयंसेवक पाठवले. काही फरक पडला नाही. का? शाळेत शिक्षक कमी होते, स्वयंसेवकांना सरळ नेहमीचे वर्ग सांभाळायला बसवलं. मोकळा हात दिसला की त्याला कामाला लावायचं, हे आपल्या प्रत्येक ऑफिसात होतं.

हे अपयश लपवलं नाही, छापलं. आणि त्यावरून पुढचा प्रयोग बदलला. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारच्या मदतीने वेळापत्रकात रोज एक वेगळा तास ठेवला. त्या तासाला पोर्शन नाही, इयत्ता नाही. दुसरी गोष्ट, शाळांना भेटी देणाऱ्या गटस्तरावरच्या साधनव्यक्तींनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून बघितलं, मग शिक्षकांना मदत केली. म्हणजे तपासणारा माणूस पहिल्यांदाच 'कितवा धडा' सोडून 'किती मुलं वाचतात' हे विचारू लागला, आणि 'जमत नाही' म्हणणाऱ्याला हातात खडू घेऊन दाखवू लागला. भाषेत फरक पडला. गणितात पडला नाही, तेही त्यांनी छापलं.

आणि जिथे शाळांची घडी फार विस्कटलेली, तिथे दुसरा मार्ग. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये 'प्रथम'च्या लोकांनी गावातल्या स्वयंसेवकांसोबत शाळेतच दहा-दहा किंवा वीस-वीस दिवसांची शिबिरं घेतली, एकूण ५० दिवस. शेवटी परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा जवळपास दुप्पट होतं. पन्नास दिवस! ज्या मुलाला चार वर्षं 'डोकं नाही' म्हटलं, त्याला पन्नास दिवसांत वाचता येतं. मग डोकं कुणाला नव्हतं?

पुढे ही पद्धत आफ्रिकेत गेली. झांबियात सरकारने ती 'कॅच अप' या नावाने स्वीकारली. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मान्य केलं की पाच कोटींहून जास्त मुलांना पायाभूत वाचन आणि अंकज्ञान आलेलं नाही, आणि याला सर्वोच्च प्राधान्य दिलं. २०२१ मध्ये त्यासाठी 'निपुण भारत' सुरू झालं. 'मुलं शाळेत आहेत, पण शिकत नाहीत' हे वाक्य २००५ मध्ये सरकारदरबारी कुणाला ऐकायचं नव्हतं. आज ते सरकारी कागदावर आहे. वर्षानुवर्षं तोच कागद घेऊन अंगणात बसणाऱ्या हजारो स्वयंसेवकांचा त्यात मोठा वाटा आहे.

आणि हा धागा महाराष्ट्रात त्याहून जुना आहे. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं होतं, शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि कर भरणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचं प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. पैसा कुठून येतो, कुठे जातो, कोण सुटतं, हे बघून, मांडून व्यवस्थेपुढे ठेवणं हेच तर सामाजिक शास्त्र.

काही खरे आक्षेप

आता नाण्याची दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पुडी सोडतोय.

एक, परिणाम विरतो. बालसखी संपल्यावर वर्षभराने मोजलं तर फायदा बराच कमी झाला होता. मूल परत त्याच पोर्शनच्या वर्गात गेलं, दुसरं काय होणार? एकदा औषध दिलं आणि विसरलं, असं हे काम नाही.

दोन, एका जागी चाललेलं दुसऱ्या जागी चालेलच असं नाही. २०१५ चे अर्थशास्त्राचे नोबेलविजेते अँगस डीटन अशा प्रयोगांवर याच मुद्द्यावरून टीका करत आले आहेत. प्रयोग 'काय झालं' ते सांगतो, 'का झालं' ते कळल्याशिवाय दुसरीकडे नेता येत नाही. मला हे पटतं. बिहारचं कोडं नुसत्या आकड्याने सुटलं नसतं. कुणीतरी वर्गात बसून बघायला लागतं, शिक्षकाशी बोलायला लागतं.

तीन, सगळेच प्रश्न चिठ्ठ्या टाकून सुटत नाहीत. जात, जमीन, कुणाच्या वस्तीत शाळा आहे आणि कुणाच्या नाही, हे इतिहास आणि समाजशास्त्र वाचल्याशिवाय कळत नाही. प्रयोग हे एक हत्यार आहे, पेटीत आणखी बरीच आहेत.

आणि चौथा आक्षेप मावशीचा. "वर्षाला किती फॉर्म भरतो आम्ही! माहिती वर जाते. खाली काय येतं?" याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. ज्याच्यावर संशोधन झालं त्याला निष्कर्ष त्याच्या भाषेत परत मिळाला नाही, तर ते संशोधन अर्धंच झालं. हे सगळे निबंध इंग्रजीत आहेत. ज्या शिक्षिकेला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग, तिच्यापर्यंत ते एका भाच्याच्या फोनवरून पोचले, हे काही बरं नाही.

आपण काय करायचं?

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण आयटीत आहेत, काही अजून शिकताय, काही स्पर्धा परीक्षा देताय. तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, पुढच्या वेळी कुठल्याही योजनेची जाहिरात दिसली, 'इतक्या लाख मुलांना टॅब दिले', तर एकच विचारा: कशाच्या तुलनेत किती फरक पडला? वाटलेल्या वस्तूंचा आकडा म्हणजे परिणाम नव्हे. हा प्रश्न सरकारला विचारा, एनजीओला विचारा, आणि आपल्या कंपनीच्या 'सोशल इम्पॅक्ट'च्या स्लाइडलाही विचारा.

दुसरी, तुमच्यापैकी कुणी शिक्षणाचं अ‍ॅप बनवत असेल, तर 'मुलाने किती मिनिटं घालवली' हा आकडा बाजूला ठेवा. 'ज्याला काल परिच्छेद वाचता येत नव्हता त्याला आज येतो का' हा डॅशबोर्ड बनवा. बनवायला अवघड आहे, मान्य. पण मिनिटं मोजणं म्हणजे पान क्रमांक मोजणंच आहे, फक्त स्क्रीनवर.

तिसरी, अगदी या रविवारी करता येईल अशी. घरात, शेजारी, गावाकडे तिसरी ते पाचवीतलं एखादं मूल असेलच. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा त्याला प्रेमाने वाचायला द्या. परीक्षा आहे असं वाटू देऊ नका. अडखळलं तर ओरडू नका, शब्दांवर या, तिथेही अडलं तर अक्षरांवर. ते जिथे थांबेल तिथून सुरू करा. रोज अर्धा तास, महिनाभर. त्याला बीटेक लागत नाही, बीएडही लागत नाही. मुंबईच्या वस्तीतल्या बालसखीने ते करून दाखवलंय.

आणि महिन्याने काय झालं ते मला कळवा. वाचन सुधारलं नाही, तरी कळवा. तेही निष्कर्षातच धरायचं असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर, शेजारच्या पोराला एक गोष्ट वाचायला लावा.